एनिडच्या बाकावरचा शब्द

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. ही म्हण ज्याने कोणी केली त्याने स्कार्थबीच्या नगरपालिकेकडून बायकोच्या नावाचं बाक घेतलेलं नव्हतं, एवढं नक्की. विल्फ्रेड बूथरॉइडने घर बांधलं नव्हतं. ते त्याला वडिलांकडून गळक्या पन्हळीसकट आयतं मिळालं होतं. लग्नही चर्चमध्ये मोजक्या माणसांत, डोक्यावर छत्र्या धरून, बिनबोभाट उरकलं होतं. त्यामुळे बाकीच्यांचे जे हाल आयुष्यभर हप्त्याहप्त्याने होतात, ते विल्फ्रेडच्या खात्यावर तसेच पडून होते. या बाकाने ते एकरकमी वसूल केले.

बाक म्हणजे अगदी साधं लाकडी बाक. स्कार्थबीचा समुद्र करडा आहे, वारा बारा महिने पूर्वेचा आहे आणि त्या वाऱ्यात किनाऱ्याच्या रस्त्याने ओळीने बाकं मांडलेली आहेत. प्रत्येक बाकाच्या पाठीवर एक पितळी पट्टी, पट्टीवर गेलेल्या माणसाचं नाव आणि त्याच्याबद्दल एखादा बरा शब्द. जिवंतपणी ज्यांच्या शेजारी कोणी बसायला तयार नव्हतं, अशांच्याही नावाची बाकं तिथे आहेत. एनिड गेली त्यानंतरच्या वसंतात विल्फ्रेडच्या मनाने घेतलं, की तिच्याही नावाचं एक असावं आणि ऑक्टोबरात तिच्या वाढदिवसाला आपण तिथे जाऊन सँडविच खावं. पट्टीवर काय लिहायचं हेही त्याचं ठरलेलं होतं. 'एनिड बूथरॉइड. ती नाइस होती.' बाकी काही नाही.

हा शब्द त्याने निवडला नव्हता, तो एनिडचाच होता. कौतुकाला तिच्याकडे हा एवढाच शब्द होता आणि तिने तो जन्मभर पुरवला. चहा नाइस. शेजारणीचं बाळ नाइस. एकदा दोघं बसच्या सहलीबरोबर स्वित्झर्लंडला गेली होती. आल्प्स दिसल्यावर अख्ख्या बसने श्वास रोखला, दोन बायका रडल्या, आणि एनिड हातमोज्याने खिडकीची काच पुसून म्हणाली, "नाइस आहे." संध्याकाळी हॉटेलातल्या टॉवेलांबद्दलही ती त्याच सुरात तेच म्हणाली. आल्प्सला कमी लेखायचा तिचा हेतू नव्हता. टॉवेल खरोखरच चांगले होते.

विल्फ्रेडने तिला मागणी घातली तीही याच किनाऱ्यावर, गाडीत बसून, पाऊस पडत असताना. घाबरून त्याने इंजिन बंदच केलं नव्हतं. "आपण लग्न करावं असं म्हणतोय मी," तो वायपरकडे बघत म्हणाला. एनिडने हातातलं अंड्याचं सँडविच संपवलं, रुमालाला बोटं पुसली आणि म्हणाली, "नाइस होईल." तेवढ्यावर चाळीसेक वर्षं संसार झाला. शेवटी हॉस्पिटलात तिला तिथली उशी टोचायला लागली, तेव्हा विल्फ्रेडने घरची उशी नेऊन दिली. तिने त्यावर गाल टेकला आणि तोच शब्द म्हणाली. त्यानंतर ती काही बोलली नाही. पितळेवर कोरायला याहून दुसरा शब्द त्याला सुचलाच नसता, आणि सुचला असता तर त्याला स्वतःची लाज वाटली असती.

एवढं सगळं सरळ असताना त्याने ते सिरिल स्पिंकला सांगितलं. हा स्पिंक त्याचा शेजारी. दोघांच्या बागांमध्ये झुडपांचं एक कुंपण होतं आणि त्या कुंपणाची वरची बाजू कातरण्याच्या निमित्ताने स्पिंक गावातल्या सगळ्या बातम्या गोळा करी. तो उंचीने बेताचा असल्यामुळे कुंपणही बेताचंच राहिलं होतं.

"हवा काही वाईट नाही," स्पिंक म्हणाला. भुरभुर पाऊस पडत होता.

"वाईट नाही," विल्फ्रेड म्हणाला. मग त्याने बाकाचं सांगितलं.

"नाइस?" स्पिंकने कात्री थांबवली. "विल्फ, वाईट वाटून घेऊ नकोस हं. तुमचं दोघांचं पटत नव्हतं का?"

"पटत होतं की. का रे?"

"नाही, मला ठाऊक आहे. लोक विचारतील म्हणून आपलं मी आधी विचारलं. नाइस आपण कोणाला म्हणतो? पोस्टातल्या त्या नव्या मुलीला म्हणतो. ज्या बाईने इतकी वर्षं तुझे मोजे धुतले, तिला नाइस? माझ्या मंडळींनी ऐकलं तर 'माझ्या पट्टीवर नाइस घालणार नाही' असं ती आत्ताच माझ्याकडून लिहून घेईल."

"मग काय म्हणायचं?"

"लव्हली म्हण. पट्टी कशी भरल्यासारखी दिसेल."

इथे विल्फ्रेडने 'नको' म्हणायला हवं होतं. पण स्कार्थबीत समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं हे रस्त्यात विजार काढण्यासारखं समजतात. तिथली माणसं आयुष्यभर नको असलेला केक खातात, नको असलेल्या माणसांना नाताळची कार्डं पाठवतात आणि नको असलेल्या पडद्यांमागे राहतात, पण नाही म्हणत नाहीत. विल्फ्रेड तर त्यातही मऊ. पाणीपट्टीच्या कचेरीत त्याने सारी हयात काढली, आणि थकबाकीदाराला नोटीस द्यायला गेला की तोच माफी मागून परत यायचा. तो म्हणाला, "सुचवलंस ते बरं झालं." दुपारपर्यंत लव्हली पक्का झाल्याचं खाटकाकडे, चर्चमध्ये आणि केस कापणाऱ्याकडे पोचलं होतं.

संध्याकाळी ग्रिम्स्बीहून म्युरियलचा फोन आला. म्युरियल म्हणजे एनिडची थोरली बहीण. तिला फोनवर बोलायला तारेची गरज नव्हती, इतका तिचा आवाज दणदणीत होता.

"लव्हली? त्या ग्लॅडिस टनिक्लिफच्या बाकावर आहे तो लव्हली? विल्फ्रेड, ती ग्लॅडिस पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी पट्टीने मोजायची. माझ्या बहिणीला तिच्या पंक्तीला बसवतोस?"

"तसं नाही, म्युरियल. मी तर नाइसच म्हणत होतो."

"ते तर त्याहून वाईट. एनिड गेली म्हणून तिच्यामागे कोणी नाही असं समजू नकोस. शब्दाचं काय करायचं ते त्या ड्यूसबरीबाईंना विचार. आणि ती माझी बहीण होती हे पट्टीवर आलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी विल्फ्रेड कोटाची कॉलर वर करून सगळी बाकं वाचत निघाला. म्हटलं, एखादा मोकळा शब्द सापडतोय का बघावं. चांगले शब्द एकूण थोडे आणि मेलेली माणसं फार, ही गोष्ट त्याच्या आजवर लक्षातच आली नव्हती. 'काइंड' एका दातांच्या डॉक्टरने घेतला होता, ज्याच्या दारावरून जाताना विल्फ्रेडची दाढ अजून ठणकायची. 'जंटल' गावातल्या जुन्या पोलीस हवालदाराकडे होता. 'चार्मिंग' ओळीने तीन बाकांवर होता आणि तिन्ही पट्ट्या एकाच माणसाने आपल्या तीन बायकांसाठी लावल्या होत्या. 'स्वीट' एका कुत्र्याला गेला होता. त्या बाकावर कुत्र्याचा मालक बसलेला होता. "फार स्वीट होता हो," तो म्हणाला, आणि विल्फ्रेडने पायावरची त्याच्या दातांची जुनी खूण न दाखवता मान हलवली.

'नाइस' मात्र एकाही बाकावर नव्हता. त्याला जरा हुरूप आला. सगळ्या किनाऱ्यावर तेवढाच एक शब्द कोणी विटाळलेला नव्हता.

पण म्युरियल पुन्हा फोन करणार, ही टांगती तलवार होती. म्हणून तो ड्यूसबरीबाईंकडे गेला. बाईंनी गावातल्या दोन पिढ्यांना इंग्रजी शिकवलं होतं आणि दोन्ही पिढ्या अजून त्यांना पाहून रस्ता बदलत. त्यांच्या वर्गात निबंधात 'नाइस' लिहायला बंदी होती. कोणी लिहिलाच, तर त्याने फळ्यापाशी जाऊन त्याच्या जागी दुसरे पाच शब्द लिहायचे, आणि पाचवा सापडेपर्यंत जेवायची सुट्टी नाही. स्कार्थबीतली चाळिशीची माणसं अजूनही तो शब्द उच्चारताना किंचित मागे वळून बघतात. हे सगळं विल्फ्रेडला ठाऊक होतं. तरी तो गेला. आलिया भोगासी असावे सादर.

बाईंनी चहा दिला, एक पातळ बिस्किट दिलं आणि त्याने लिहून आणलेला कागद चष्म्याखालून पाहिला. मग टेबलाच्या खणातून लाल पेन निघालं.

"मिस्टर बूथरॉइड, तुमचं दुःख मी समजू शकते," बाई म्हणाल्या. "पण हा शब्दच नाही. हा आळस आहे. शब्द शोधायचा कंटाळा आला की माणसं हा वापरतात."

"एनिड वापरायची," विल्फ्रेड म्हणाला.

"तेच म्हणते मी. तिच्या वेळी तिला कोणी शिकवलं नसेल. निदान आता तरी तिला चांगला शब्द मिळू दे."

त्यांनी समानार्थी शब्दांचा एक जाडजूड कोश काढला, 'नाइस'चं पान उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. प्लेझंट. अग्रीएबल. एमिएबल. डिलाइटफुल. ग्रेशस. प्रत्येक शब्दानंतर बाई थांबत आणि त्याच्याकडे बघत. विल्फ्रेड डोळे मिटून एकेक शब्द एनिडच्या अंगावर घालून बघायचा. प्लेझंट तिला बाह्यांना आखूड होत होता. डिलाइटफुल खांद्यावरून घरंगळत होता. ग्रेशस घालून तर ती आरशासमोर उभीच राहीना. एनिडने कितीतरी हिवाळे एका तपकिरी कोटात काढले होते आणि दुकानदाराने दुसरा दाखवला की ती म्हणायची, मला हाच नाइस वाटतो.

"तिला तोच शब्द आवडायचा हो," विल्फ्रेड पुन्हा म्हणाला. यापलीकडे विरोध करण्याची त्याची ताकद नव्हती.

"मुलांना नाकात बोट घालायलाही आवडतं," बाई म्हणाल्या. "म्हणून आपण ते पितळेवर कोरत नाही. बिस्किट घ्या आणखी."

त्याने घेतलं.

आता शब्दाचं राहू दे बाजूला, निदान जागेचं तरी नक्की करू, म्हणून विल्फ्रेड पालिकेच्या उद्यान खात्यात गेला. तिथे मिस गॉन्ट नावाच्या तरुण बाई होत्या. त्या इतक्या गोड बोलत, की आपलं काम झालेलं नाही हे माणसाला घरी पोचल्यावर कळे. त्यांनी समजावलं, की नवीन बाकाला जागा नाही. बाक दहा वर्षांच्या मुदतीने मिळतं, मुदत संपली आणि नातेवाइकांनी वाढवली नाही की ते दुसऱ्याला देतात.

"म्हणजे कोणीतरी विसरला जाईपर्यंत थांबायचं," विल्फ्रेड म्हणाला.

"आम्ही त्याला रिक्त होणं म्हणतो," मिस गॉन्ट हसून म्हणाल्या. "पण तुमचं वाईट वाटतं बघा. विशिष्ट जागेशी तुमच्या भावना गुंतलेल्या असतील तर खास बाब म्हणून नवीन बाक देता येतं. आहेत का गुंतलेल्या?"

विल्फ्रेडच्या भावनांबद्दल याआधी कोणी चौकशी केली नव्हती, आणि सरकारी माणसाने तर नाहीच. तो खुर्चीत जरा पुढे सरकला. "दर रविवारी आम्ही एकाच जागी बसायचो," तो म्हणाला. "पाऊस असो, काही असो. लग्नाआधीपासून."

"किती सुंदर. नकाशावर खूण कराल का?"

त्याने खूण केली. मासे तळणाऱ्याच्या दुकानासमोर, कठड्याला लागून, उजवीकडून दुसरी.

"अगदी इथेच? दोन फूट इकडेतिकडे नाही ना?"

"अगदी इथेच," विल्फ्रेड अभिमानाने म्हणाला.

आता कशावर बसायचो हे मिस गॉन्टनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. जी गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक ती काय सांगायची? त्या किनाऱ्यावर शहाणं माणूस गाडीच्या बाहेर पडत नाही. रविवारी गाड्या समुद्राकडे तोंड करून ओळीने उभ्या राहतात, आत जोडपी बसतात, काचा बंद, मांडीवर सँडविच, दोघांत एक चहाचा फ्लास्क. वायपर फिरला की समुद्र एकदा दिसतो आणि पुन्हा पुसट होतो. तास-दीड तास असा समुद्र पाहून लोक ताजेतवाने होऊन घरी जातात. एनिड आणि विल्फ्रेड इतकी वर्षं तसेच बसले. त्या ओळीतल्या बाकांवर ती दोघं कधी टेकलीही नव्हती. बाकं ही मेलेल्यांसाठी असतात, अशी काहीशी त्यांची समजूत होती. पण मिस गॉन्ट दुसऱ्या परगण्यातून आलेल्या होत्या, तिथे म्हणे ऊन पडत असे.

सप्टेंबरात स्मृतिफलक उपसमितीची बैठक वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरली. अध्यक्षा ड्यूसबरीबाई. विल्फ्रेडला हे खोलीत शिरल्यावर कळलं, आणि कळल्यावर त्याचे पाय परत फिरायला लागले, पण मागून स्पिंक येत होता. "आलो आपला आधाराला," स्पिंक म्हणाला आणि पुढच्या खुर्चीवर बसला.

विल्फ्रेड तयारी करून आला होता. आठवडाभर दाढी करताना त्याने आरशासमोर एकच वाक्य म्हटलं होतं. 'एनिडला हाच शब्द हवा आहे, दुसरा नको.' या वाक्याला आरशाने अजिबात हरकत घेतली नव्हती.

उपसमितीने मात्र घेतली. एक हॉटेलवाले सभासद म्हणाले, की बाहेरगावचे पाहुणे या पट्ट्या वाचतात, त्यांना गावातल्या बायका नुसत्या नाइस असतात असं वाटता कामा नये. एक निवृत्त वकील म्हणाले, की 'नाइस होती' हे विधान झालं, त्याला पुरावा लागेल, त्यापेक्षा ज्याचा नेमका अर्थ कोणालाच लावता येणार नाही असा शब्द सुरक्षित. स्पिंकने बसल्या जागेवरून लव्हलीची शिफारस केली. ग्लॅडिस टनिक्लिफचा भाचा उपसमितीवर होता, तो म्हणाला की लव्हली आमच्या मावशीचा आहे आणि आमची मुदत अजून संपलेली नाही. म्युरियलचं पत्र वाचून दाखवण्यात आलं. ते वाचणाऱ्याचाही आवाज आपोआप चढला.

"सगळ्यांचा मान राहील असं मी काही तयार केलं आहे," ड्यूसबरीबाई म्हणाल्या आणि त्यांनी ते वाचलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. "अर्थात अखेरचा शब्द मिस्टर बूथरॉइड यांचा. तुमचं काही म्हणणं आहे का?"

विल्फ्रेड उभा राहिला. सगळे त्याच्याकडे मायेने बघत होते. त्यांच्या मनात त्याचं वाईट करायचं काही नव्हतं, हे त्याला दिसत होतं, आणि त्यानेच घात केला. समोर कोणी दुष्ट माणूस असता तर तो कदाचित लढलाही असता. वकिलांनी त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला. हॉटेलवाल्याने साखर पुढे केली. विल्फ्रेडने तोंड उघडलं, आरशासमोरचं वाक्य घशापर्यंत आलं, आणि बाहेर पडलं ते हे:

"तुम्हा सगळ्यांना बरं वाटेल तसं करा. माझ्यामुळे उगाच कोणाला त्रास नको."

हे वाक्य त्या देशात घरोघर रोज बोललं जातं. दार उघडताना बोलतात, खाटकाकडे बोलतात, ऑपरेशनच्या टेबलावर पडून डॉक्टरला बोलतात. विल्फ्रेडही ते जन्मभर बोलत आला होता आणि त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन तो कोट न काढता स्वयंपाकघरात बसला. बायकोच्या बाजूने एक वाक्य बोलायचं होतं, एकच, आणि आपल्याला बोलता आलं नाही. तिची खुर्ची समोर होती. ती असती तर म्हणाली असती, जाऊ दे, चहा नाइस होता ना? या विचाराने त्याला रडूच आलं.

पट्टी तयार झाली. तिच्यावरचा मजकूर असा: 'एनिड बूथरॉइड. एकनिष्ठ भगिनी. स्वभावाने अग्रीएबल, वागण्यात एमिएबल, सहवासात डिलाइटफुल.' ती कोणाची बायको होती याचा उल्लेख नव्हता. अक्षरांची मर्यादा तिथे संपली होती. "बघा ना, अगदी थोडक्यात राहिलं," मिस गॉन्ट हळहळून म्हणाल्या. विल्फ्रेडने त्यांचे आभार मानले.

एनिडच्या वाढदिवसाला त्याने अंड्याची सँडविचेस केली. हाताला सवय होती म्हणून दोघांची झाली. ती त्याने दोन वेगळ्या कागदांत गुंडाळली, फ्लास्क भरला आणि गाडी काढली. निदान जागा तरी आपली आहे, असं तो वाटेत स्वतःला बजावत होता. नेहमीप्रमाणे गाडी लावू, समोर तिचं बाक दिसेल, त्यामागे समुद्र. शब्द तिकडच्या बाजूला असेल तर उत्तमच.

मासे तळणाऱ्याच्या दुकानासमोर त्याने गाडी वळवली आणि दाबून ब्रेक लावला. उजवीकडून दुसरी जागा नव्हती. तिथे फरशी घातलेली होती, भोवती लोखंडी खुंट रोवलेले होते आणि बरोबर मधोमध, दोन फूटही इकडेतिकडे नाही, एनिडचं बाक उभं होतं. पालिकेला तिथली गाड्यांची गर्दी कमी करायचीच होती, आयतं निमित्त मिळालं. आजूबाजूच्या जागाही खुंटांनी खाल्ल्या होत्या. करायला गेला गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण इथे मारुतीही झाला नव्हता, नुसते खुंट झाले होते. जगात एनिडबरोबर बसायची म्हणून एक जागा उरली होती, ती विल्फ्रेडने स्वतःच्या हाताने नकाशावर फुली मारून घालवली होती.

बाकापाशी ड्यूसबरीबाई, स्पिंक, त्याची बायको आणि मिस गॉन्ट असे सगळे उभे होते. विल्फ्रेड गाडी पार टेकाडावर लावून, टोपी हाताने दाबून, वाऱ्याला डोकं लावत तिथपर्यंत पोचला तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. बाईंनी पट्टीवरून बोट फिरवलं आणि स्वल्पविराम जागच्या जागी असल्याचं सांगितलं.

"फारच लव्हली झालंय, विल्फ," स्पिंक म्हणाला. "चला, आम्ही निघतो. उभं राहवत नाही इथे. कसा बसतोस तू?"

"तुम्ही आलात ते बरं वाटलं," विल्फ्रेड म्हणाला. मग सगळे आपापल्या गाड्यांकडे जवळजवळ पळतच गेले.

तो बसला. इतक्या वर्षांत काच मध्ये न ठेवता समुद्र बघायची ही पहिलीच वेळ. तो आवडण्यासारखा नव्हता. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं, सँडविचमधला हिरवा पाला एकेक करून उडून चालला होता आणि पट्टीचा स्क्रू पाठीत टोचत होता. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की या बाकावर जो बसेल त्याची पाठच त्या शब्दांकडे असणार. ज्या शब्दांसाठी इतकं रामायण झालं, ते बसणाऱ्याला दिसणारसुद्धा नव्हते. त्याने हे आधीच ओळखायला हवं होतं. पण बाकावर बसायची सवय असती तर ना.

मागून एक बाई आल्या. डोक्याला प्लॅस्टिकची टोपी, हातात दोरी, दोरीला म्हातारा कुत्रा. गावातल्या दिसत नव्हत्या. त्या बाकामागे थांबल्या, ओणवं होऊन पट्टी वाचली आणि मग येऊन दुसऱ्या टोकाला बसल्या.

"हवा काही वाईट नाही," बाई म्हणाल्या.

"वाईट नाही," विल्फ्रेड म्हणाला.

"वाचलंत का मागचं?" त्यांनी अंगठ्याने पाठीमागे दाखवलं. "अग्रीएबल, एमिएबल, डिलाइटफुल. काय खाष्ट बाई असेल हो."

"काय म्हणालात?"

"अहो, इतकं पॉलिश उगाच कोण करतं? माझ्या सासूच्या दगडावर सहा ओळी आहेत. तिच्यापुढे कुत्रंसुद्धा जेवायचं नाही. आणि बघा, बहिणीने लावलेली दिसतेय. नवऱ्याचं नावसुद्धा नाही. पळाला असणार बिचारा."

आता रिवाजाप्रमाणे विल्फ्रेडने 'असेलही' म्हणायला हवं होतं. तो शब्द त्याच्या जिभेवर आलाही. ओळख ना देख, बाई दोन मिनिटांत उठून जाणार, कशाला तिला अवघडवायचं? त्याने फ्लास्क खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला.

आवाज जरा मोठाच निघाला. कुत्र्याने मान वर केली.

"नाही," विल्फ्रेड पुन्हा म्हणाला. "ती नाइस होती."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या मांडीवर उघडलेल्या सँडविचकडे आणि बाजूला ठेवलेल्या, न उघडलेल्या दुसऱ्या पुडीकडे पाहिलं.

"तुमच्या मिसेस का?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

लाटा कठड्यावर आपटून दोघांच्या बुटांपर्यंत तुषार येत होते.

"मग तेवढंच लिहायचं नाही का," बाई म्हणाल्या. "लगेच कळलं असतं."

विल्फ्रेडने दुसरी पुडी उघडली आणि एनिडच्या वाटणीचं सँडविच बाईंपुढे धरलं. त्यांना ते नको होतं, हे स्पष्ट दिसत होतं. त्यांनी घेतलं.